पड ठेवलेलं रान

आई, तुझा कांद्याचा मळा यंदा पड आहे. विहीर आटली म्हणून नाही, पाऊस कमी झाला म्हणूनही नाही. पाटाला पाणी नेहमीसारखं आलं, आपल्या बांधावरून पुढे निघून गेलं, आणि ते घेतलं नाही म्हणून मला पैसे मिळाले. रब्बीला पाटाचं पाणी घ्यायचं नाही, रान कोरडं ठेवायचं, की एकरी ठरलेली रक्कम बँकेत येते, अशी योजना पावसाळ्यात गावात आली. वाचलेलं पाणी शहराला जाणार म्हणे. कांद्याच्या भावापायी दरवर्षी जीव कसा टांगणीला लागतो ते तुला मी काय सांगू? इथे तर हात न हलवता पैसा येत होता. निम्म्या गावानं सह्या केल्या, मीही केली. सही करताना मला कुणाचीही आठवण झाली नाही.

मग मार्गशीर्षात एका सकाळी दारात जीप थांबली. सुरगाण्याच्या बाया, तुझीच टोळी. पुढे तीच मुकादमीण, तुझ्या शेजारी ओणवी होऊन रोप लावणारी. आता केस पांढरे झालेत तिचे. बोचकी उतरली, तवे उतरले. बोलावणं कुणी धाडलं नव्हतं, पण तशी गरज आपल्याकडे कधी पडली होती? लागवडीचा शेवटचा वाफा तुम्ही दोघींनी मिळून लावायचा, मग बांधावरच तू तिची ओटी भरायचीस, आणि ती ओटी म्हणजेच पुढच्या सालचं आवतण. तुझ्यामागे माझ्या बायकोनं हे मोडलं नाही. गेल्या साली तिनं ओटी भरली, पावसाळ्यात मी सही केली, आणि दिलेलं आवतण मागे घ्यायला हवं हे आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

मुकादमीण मळ्यात जाऊन आली. "दादा, रान तं कोरडंच हाय. वाफे कधी बांधायचे?"

मी योजना सांगितली. तिनं नीट ऐकून घेतली. "म्हंजी पाणी नाय घेतलं, तं तुमाला पैसं देत्यात?"

"हो."

"मंग आमाला?"

भांडायला नव्हतं विचारलं तिनं, खरंच माहीत करून घ्यायला विचारलं. बायकोनं चहा केला, तो पिऊन त्यांनी बोचकी पुन्हा जीपमध्ये चढवली आणि पिंपळगावच्या बाजूला कुठे काम लागतं का ते बघायला निघून गेल्या.

तेव्हापासून तुझं स्वयंपाकघर डोळ्यांपुढून हलत नाही. थंडी मी म्हणते आहे, चुलीवर बायांच्या चहाचं मोठं पातेलं आहे. मी कॉलेजच्या घाईत त्यातला पहिला कप ओतून घेतो, आणि तू तो माझ्या हातातून काढून घेतेस. "त्या गार चिखलात उभ्या हायेत. तू कुठं उभा हायेस?" एवढंच म्हणतेस आणि किटली भरून मळ्याकडे चालायला लागतेस. माझी एसटी चुकली त्या दिवशी, आणि दिवसभर मी तुझ्यावर धुमसत होतो.

आता धुमसतोय ते योजना आखणाऱ्या शहाण्यांवर. पाण्याची किंमत काढली, माझ्या बुडालेल्या पिकाची काढली, आणि त्या पाण्यावर ज्यांचा हिवाळा निघतो त्या बायांना हिशेबात धरलंच नाही. पाणी काय एकट्या माझ्या रानात मुरत होतं? परवा नाशिक रोडला लेकीकडे गेलो, तर तिच्या इमारतीखाली एक गृहस्थ पाइप लावून गाडी धूत होते. पाणी फाटकातून थेट रस्त्यावर. त्यांना मात्र कुणी सांगत नाही की बाबा, गाडी पड ठेव, आम्ही पैसे देतो. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्याच रागात योजनेच्या तालुक्यातल्या बैठकीला गेलो. उठून उभा राहिलो आणि चांगलं तोंडसुख घेत बोललो. अधिकारी म्हणून आलेली मुलगी आपल्या लेकीच्या वयाची. तिनं मला मध्ये तोडलं नाही. "काका, नियमात ज्याच्या नावावर सातबारा तोच लाभार्थी. मजुरांचं मी वर कळवते," म्हणाली. "वर कळवून त्यांच्या चुली पेटणार आहेत का?" मी विचारलं. टाळ्या पडल्या. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

टाळ्या थांबल्यावर ती शांतपणे म्हणाली, "तुमचं बरोबर आहे. योजना तीन वर्षांची आहे, पण ज्यांना बाहेर पडायचंय त्यांना आज पडता येईल. उन्हाळ कांद्याची लागवड अजून साधेल, त्या बायांनाही बोलावता येईल. तुमचं नाव कमी करू का?"

सगळी सभा माझ्याकडे बघायला लागली. मी खाली बसलो.

घरी येऊन बायकोला टाळ्यांपर्यंतचंच सांगितलं. हे पत्र कुठे धाडायचं नाही म्हणून पुढचं लिहिता आलं. तू असतीस तर तुलाही मी टाळ्यांपर्यंतचंच सांगितलं असतं.