सगळे एका ताडपत्रीखाली

८ मे
उद्या निघायचं. सरोवर डोंगरात उंचावर आहे. हवा शुद्ध, माणसं कमी. माणसं आपण नेतोच आहोत.

खरं कारण कुणाला सांगितलेलं नाही. गेल्या आठवड्यात धाकटा भाऊ जिन्यात फोनवर कुजबुजत होता. तळमजला हवा, दोन माणसांना पुरेल एवढाच फ्लॅट हवा आणि दादाला इतक्यात कळता कामा नये. म्हणजे स्वारी वेगळं बिऱ्हाड थाटणार. तेही दोघांपुरतंच! दोन्ही पोरं आमच्या गळ्यात टाकून. आमची मुलगी आत्ता कुठे नोकरीला लागून बाहेरगावी गेली, की हे सुरू.

घर फुटू द्यायचं नाही. वडिलांच्या माघारी ते मी एकट्याने बांधून ठेवलंय. सरोवरावर सगळ्यांना एकाच तंबूत ठेवायचं आणि निघण्याआधी प्रत्येकाकडून शब्द घ्यायचा. तोपर्यंत तोंडातून चकार शब्द काढायचा नाही.

९ मे, संध्याकाळ
पोचलो. तंबू उभा राहिला. ताडपत्रीच्या कारखान्यात मी सुपरवायझर, त्यामुळे हा तंबू रिजेक्ट मालातून स्वतः समोर उभं राहून शिवून घेतलाय. नऊ माणसं आरामात. रिजेक्ट का झाला होता ते आता आठवत नाही.

धाकट्याने डिकीत छोटे तयार तंबू भरले होते. असू देत म्हणे, लागले तर. निघतानाच काढायला लावले. एक घर, एक तंबू.

१० मे, सकाळी ६
माल रिजेक्ट का झाला ते आठवलं. कच्च्या रबराचा वास. आईने रात्रभर नाकाला पदर लावला होता. दोन दिवसांत जाईल म्हणून सांगितलं. कारखान्यात दोन महिने गेला नव्हता, पण तिथे डोंगरातली हवा कुठे होती?

रात्रभर छतातून पाणी टपकलं. बाहेर आभाळ कोरडं ठणठणीत. मग लक्षात आलं, ते आमचेच श्वास. वर जाऊन, थेंब होऊन खाली येत होते. मेहुण्यांचा एक माझ्या कपाळावर पडला. सरोवराच्या बर्फासारख्या पाण्यात तोंड तीनदा धुतलं.

शी! काय माणसं आहेत ही! मेहुणे पायमोजे घालून झोपतात, आणि काढले तर त्याहून वाईट. ताईने ओले केस माझ्या उशीशेजारी बसून विंचरले. धाकट्याच्या मुलीला गाडी लागली होती, ती येऊन नेमकी माझ्या बुटात ओकली. धाकटी भावजय चमचा चाटून तोच परत साखरेत घालते. घरीही घालते. घरी निदान माझा साखरेचा डबा कुलपात असतो.

अशा माणसांबरोबर एक दिवस काढणं अशक्य. म्हणूनच काहीही झालं तरी सगळ्यांना एकत्र ठेवायचं. मी नसलो तर यांचं काय होईल?

शिट्टी आणली आहे. आता ती वाजवून सगळ्यांना उठवतो.

११ मे, सकाळ
काल आई गाडीत झोपली. कंबर धरली म्हणाली. मला माहीत आहे, बाकीच्यांना पसरायला जागा व्हावी म्हणून. आईचं काळीज.

पोरं तिच्या सोबतीला म्हणून गेली. रडत आली होती ती गाडीत जाताच हसायला लागली. लहान मुलांना कसलंच गांभीर्य नसतं.

११ मे, दुपार
धाकट्याचे तंबू डिकीतच निघाले. मी बघत होतो तेव्हा काढले आणि मी वळल्यावर परत घातले. आता तिकडे, वरच्या चढावर, झाडांखाली उभे करून झालेसुद्धा. ताई आणि मेहुणे एकात. हे दोघं घराचं प्लास्टर सुकेपर्यंत म्हणून आमच्याकडे राहायला आले होते. कित्येक वर्षं झाली, प्लास्टर अजून सुकतंय. त्यांचे पायमोजे गेले हे मात्र उत्तम झालं. रडायचं की हसायचं ते ठरवत नाही, झोप घेतो.

१२ मे, सकाळ
धाकटा आणि धाकटी काल जेवण झाल्यावर गेले. मग आमची हीसुद्धा. आईला काही हवं-नको झालं तर, म्हणाली. तंबूत मी एकटा. शिस्तीत बरीच सुधारणा आहे. बूट रांगेत, टॉवेल वेगळा.

मेहुण्यांचं घोरणं मात्र एवढ्या लांबूनही ऐकू येतं. दोनदा त्यानेच दचकून जाग आली. सकाळी फैलावर घेतलं तर म्हणे, ते रात्रभर जागेच होते. खोटारडा माणूस.

सगळे झाडांखाली बसून अंडी तळून खात होते. ज्या सुरीने मुलांनी काठ्या तासल्या त्याच सुरीने ब्रेड कापत होते. मी गेलो तर सगळे एकदम गप्प झाले. धाक म्हणतात तो हा. हेच टिकवलं पाहिजे. आज संध्याकाळी शब्द घेऊन टाकतो.

१२ मे, संध्याकाळ
घेतला.

सगळ्यांना पाण्याच्या कडेला ओळीत बसवलं. घरावर बोललो. वडिलांवर बोललो. सुटी काठी कुणीही मोडतो, मोळी कुणालाच मोडत नाही, हेही सांगितलं. आईने डोळे पुसले. धाकटा खाली बघत होता. मनात म्हटलं, पाणी मुरतंय ते इथेच. मग स्पष्टच विचारलं. ज्यांना कायम एकाच घरात राहायचंय त्यांनी हात वर करा.

सगळ्यांत आधी धाकट्याचा हात वर. मी चाटच पडलो. मग धाकटीचा, आईचा, ताईचा. पोरांनी दोन-दोन हात वर केले. मेहुण्यांचा तर होताच.

हिचा नव्हता. ही बटाटे सोलत होती, मला वाटलं हात ओले असतील. तिने हात नीट पुसले आणि मांडीवर ठेवले.

म्हणाली, फ्लॅट तिनेच शोधायला सांगितला होता. धाकट्याने फक्त फोन केले. ती दोनदा जाऊन बघूनही आली आहे. मी विचारलं, यांतल्या कुणाचा एवढा त्रास होतो तुला? म्हणाली, कुणाचाच नाही. घरातल्या प्रत्येकाची माझ्या वतीने माफी मागून मागून ती दमली आहे. आता जिथे माफी मागायला दुसरं कुणी नसेल अशा घरात तिला राहायचंय. मी आलो तर बरं, नाहीतर ती एकटी जाईल. आवाजही चढवला नाही तिने. तिच्या तोंडून मी एवढं सलग कधी ऐकलं नव्हतं.

कुणीतरी मध्ये बोलेल म्हणून थांबलो. मेहुणे तोंड उघडत होते, ताईने त्यांना कोपराने ढोसलं.

फार वाईट वाटलं. लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय. विचार करून सांगतो म्हणालो. ही म्हणाली, सांगा, एक तारखेला सामान हलवायचंय.

१३ मे
परत निघालो. तंबूची घडी घालायला कुणी आलं नाही. धाकटा आला, पण वासाने परत गेला.

गाडीत आईशेजारी बसलो. म्हटलं, आई, तू तरी सांग हिला. आईने माझा हात हातात घेतला. मग म्हणाली, जागा चांगली आहे रे, उजेड आहे. मी म्हटलं, आणि मी? इतक्या वर्षांनी मी या घरातून उठून जायचं?

येत जा ना, म्हणाली. रविवारी वगैरे. येण्याआधी फोन कर.