ओकलेलं औषध आणि रुसलेली आत्या

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (तुझा राग बघता एक अंग पायाशी, बाकीची सात दाराकडे, पळायला तयार.) गुडघा कसा आहे? आम्ही तुझ्या कृपेने, म्हणजे तू इथे नसल्यामुळे, मजेत आहोत.

बाळाचं हृदय सध्या शहाण्यासारखं चालतंय. दवाखान्यात पडद्यावरचे आकडे असे धावत होते की मला वाटलं यंत्रच बिघडलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यंत्र ठणठणीत आहे, धावतंय ते तुमचं बाळ. मग औषध सुरू झालं, पहिले डोस त्यांच्या डोळ्यांदेखत. घरी सोडताना त्यांनी बजावलं की सिरिंजने मोजूनच द्या, आणि ओकला तर पुन्हा देऊ नका, आधी फोन करा. हे तूही ऐकलंस. पण तुझं शास्त्र निराळं: ओकलं की परत भरवा. (याच शास्त्रावर तू आमची अख्खी पिढी पोसलीस, माझ्या पोटाकडे बघून कळतंच.) बाळाने औषध तुझ्या पदरावर काढलं आणि तू लगेच दुसरी सिरिंज भरलीस. पोटात किती गेलं, ते त्या पदरालाच ठाऊक. दुप्पट झालं असतं तर धावणारं हृदय नको तितकं मंदावलं असतं. म्हणून मी सिरिंज हिसकावली. "मी काय वैरीण आहे का त्याची?" म्हणालीस आणि पिशवी उचलून चालती झालीस.

आता आमचे पराक्रम ऐक. मी औषध घेऊन गेलो की बाळ ओठ शिवून बसतं. बाळाची आई देते तेव्हा फवारा माझ्या चष्म्यावर. तुझे बंधुराज (माझे पूज्य पिताश्री) नीट नेम धरतात आणि गालाला औषध पाजतात. दर वेळी फोन. डॉक्टरीणबाई आता मला नुसत्या श्वासावरून ओळखतात. काल म्हणाल्या, औषध असंच वाया जात राहिलं तर धडधड परत येईल, पुन्हा दाखल करावं लागेल. एकूण काय, छान चाललंय.

तुझा आज्ञाधारक (कधीतरी) भाचा

ता. क. तुझी ती साडी धुऊन ठेवली आहे. डाग गेला नाही.

ता. क. दुसरा. धडधड पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आली, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. दूध पिताना दमतंय म्हणून त्याच्या छातीवर तळवा ठेवून घर डोक्यावर घेणारी तू. आम्ही तुलाच वेड्यात काढत होतो. तसं सांगितलं त्यांना. त्या म्हणाल्या, मग त्या आहेत कुठे?

ता. क. तिसरा. तुझ्या मांडीवर तो निमूट गिळतो गं. भीती वाटते आत्या. सिरिंज मी भरतो, पाज तू. ओकला तर फोन माझा, पदर तुझा. ये.