दगडफुलाचा धागा

आई,

इंटरनेटवरच्या तुझ्या त्या मराठी मंचाचं रूप बदललंय. निळे पट्टे गेले, पानांचे आकडे गेले, आता नुसतं पांढरं आणि बोटाने सरकवत राहायचं. संध्याकाळी बँकेतून दमून येते, आलमबागच्या आपल्या त्याच घरात जेवणाच्या टेबलाशी बसते आणि ओळखीचं काही सापडत नाही म्हणून चिडते. तिथे तक्रारही केली, चांगली तावातावाने. उत्तरादाखल कुणीतरी हसरा चेहरा टाकला. होईल सवय, म्हणतात. मला आता सवयी लावून घ्यायचाच कंटाळा आलाय गं.

बाबांच्या बदलीमुळे तू लखनौला आलीस, दिवसभर शेजारणींशी हिंदीत बोलून थकायचीस, आणि मी घरात "हाँ मम्मी, आती हूँ" म्हटलं की लाटणं आपटायचीस. मग हा मंच सापडला. तुझं गोड्या मसाल्याचं दगडफुलावाचून अडलं होतं. तू पोळ्या लाटता लाटता सांगत होतीस, मी टाइप करत होते. कुणा अनोळखी बाईंनी लिहिलं, दगडफूल नका म्हणू, 'पत्थर के फूल' मागा. दुसऱ्याच दिवशी आपण बाजारात. मसालेवाला पुडी बांधतोय, म्हणतोय, "अरे बहनजी, ये तो हमारे यहाँ कबाब में पड़ता है।" आणि तू भर रस्त्यात खळखळून हसते आहेस. पुढे तू स्वतःच टाइप करायला शिकलीस. त्या प्रश्नाखाली वाढत गेलेल्या तुझ्या धाग्यातलं मधलंच काही वाचून मी बोलले की दटावायचीस, "आधी पहिल्यापासून सगळं वाच, मग तोंड उघड."

आता पहिल्यापासून वाचायची सोयच नाही. नव्या मांडणीत शेवटी लिहिलेलं सगळ्यात आधी दिसतं. रविवारी तुझा धागा कसाबसा शोधला, उघडला, तर समोर हेच: "डॉक्टरांनी महिनाभर तिखट बंद केलंय. बरी झाले की मसाला करीन." तू बरी झालीच नाहीस. इतकी वर्षं मी तुझं सगळं वाचत आले, फक्त ते शेवटचं पान सोडून. आणि या मंचवाल्यांनी तेच माझ्या तोंडावर आणून ठेवलं. इतका राग आला की मी सगळं बंद करून टाकलं.

आज परत उघडलं आणि हट्टाने खाली सरकवत गेले. त्याच्या खाली तू कुणालातरी सुकं खोबरं करपवलं म्हणून झापते आहेस. आणखी खाली मलिहाबादच्या कैऱ्यांचा मेथांबा. जसजशी खाली जात होते तसतशी तू बरी होत गेलीस, मग तुझ्या टायपिंगच्या चुका वाढल्या, मग तू बिचकायला लागलीस. अगदी तळाशी माझ्या बोटांनी लिहिलेलं तुझं पहिलं वाक्य: "नमस्कार, मी इथे नवीन आहे. लखनौला दगडफूल कुठे मिळेल?" मला रडू आवरेना.

उत्तर लिहायची चौकट आता त्याच्याच खाली असते. हे सगळं त्या चौकटीतच लिहितेय. पाठवलं तर ते थेट सगळ्यात वर जाऊन बसेल, तुझ्या आजारपणाच्याही वर. म्हणून पाठवत नाही. इथेच बरी आहे मी, तुझ्या प्रश्नाखाली.

जुना क्रम परत लावायचं बटण आहे, मला सापडलंय. तू रागावशील, पण मी ते दाबलेलं नाही.