मशकीतली गोळी

१७ मार्च

लोणी घेतलं. बासू नको म्हणाला तरी घेतलं!

दारात उभा राहून म्हणाला, "वहिनी, पाहुणे शहरातले. पोटं नाजूक. तू भाकरी कर, चहा कर. ती बरणी राहू दे घरीच."

ती बरणी! लोण्याचं नाव घ्यायलाही तयार नाही. माझा नवरा झायद जाऊन दोन वर्षं झाली आणि हा दीर अजून माझ्या मुरवलेल्या लोण्याकडे बघतो ते आत विंचू असल्यासारखं.

मी म्हटलं, "पाहुण्यांपुढे कोरडी भाकरी ठेवू? तुमच्या आईनं ठेवली असती?"

"मग काही झालं तर तूच निस्तर. आजवर घरातले बोलत होते. उद्या सगळा डोंगर बोलेल."

खरं आहे ते. म्हणूनच घेतलं. पाहुणे खिंडीची वाट धडधाकट उतरले तर तोंडं बंद होतील. नाही उतरले तर मला या गावात राहता यायचं नाही. बासू पाहुण्यांना डोंगर फिरवतो; त्याच्या नेहमीच्या स्वयंपाकिणीचे दिवस भरले म्हणून त्यानं मला विचारलं, एरवी विचारलं नसतं.

वही पिठाच्या पोत्यात ठेवली आहे. तिथे कोणी हात घालत नाही.

१८ मार्च

चढ. गुडघे बोलतात.

पाहुणे बाप-लेक आहेत, फेझचे. सी तुहामी रेशमी दोऱ्याचे व्यापारी होते, आता दुकान भावाकडे. दाढी पांढरी, पाठीवर मुलीच्या पिशवीएवढीच पिशवी, आणि ती खेचरावर टाकू देत नाहीत. मुलगी बतूल. तिच्याजवळ पाणी शुद्ध करायच्या गोळ्यांच्या पट्ट्या आहेत. झऱ्यावर बाटली भरते, गोळी टाकते, झाकण लावते आणि बसते अर्धा तास. बाप समोर तहानलेला!

"पोरी, गोळी विरघळेपर्यंत मी विरघळेन."

"विरघळा बाबा. पण हागवण लागून नको."

बासू हसला. मग त्यानं खेचरावरची कातड्याची मशक सोडली. काळी, तुकतुकीत. मागच्याच आठवड्यात त्यानं तिला आतून पुन्हा कत्रान चोपडलं आहे — अरारचं लाकूड जाळून काढतात तो काळा रस. पाणी भरून बतूलकडून गोळ्या मागून घेतल्या आणि मशकीत टाकल्या.

"यात चालतं?" तिनं विचारलं.

"माझा भाऊही टाकायचा," बासू म्हणाला. "आमच्याकडे पाहुण्याला प्लास्टिक चोखायला लावत नाहीत."

अर्धा तास थांबून पहिला वाडगा सी तुहामींना दिला. त्यांनी एक घोट घेतला आणि डोळेच मिटले. "माझी आई डोंगरातली. तिच्या माहेरचं पाणी अगदी असं लागायचं. पन्नास वर्षांत असं पाणी प्यायलो नाही!" नंतर बाटलीला हात लावला नाही. बासूही मशकीतलंच पितो. बतूल तिचं बाटलीतलंच पिते. मला थंड पाणी दातांना झोंबतं, मी चहावर.

ती मशक झायदची. बासूनंच त्याला दिली होती, तो गेला त्या वर्षीच्या वसंतात. त्याआधी झायद निळा प्लास्टिकचा कॅन न्यायचा. बासू हिणवायचा, "आपला आजा मशकीचं पाणी पिऊन नव्वद जगला, आणि तू साहेब झालास!" झायद हसून मशक घेऊन गेला. तीच त्याची शेवटची फेरी. परतला तो खेचरावर आडवा.

१९ मार्च

वारा. सगळ्यांनी लोणी खाल्लं — बासू सोडून. सी तुहामींनी बोट पुसून चाटलं. मी प्रत्येक घास बघत होते, लाज वाटली.

२० मार्च

मधला झरा आटला आहे. खडकात डबकं उरलंय तेवढंच. काठावर लेंड्या, शेवाळ, आणि वरच्या बाजूला मेलेली शेळी. ती बासूनं ओढून दूर टाकली. इथून पुढे खिंड ओलांडेपर्यंत पाणी नाही. भरावंच लागलं.

बतूलनं डोक्याचा रुमाल घडी करून त्यातून पाणी गाळलं. बाटलीत गोळी, मशकीत गोळ्या. सी तुहामी म्हणाले, "कत्रान आहे ना, त्यात काही वाचत नाही." बासूनं मान डोलावली. आमच्याकडे सगळे हेच मानतात. शेळ्यांच्या जखमेला कत्रान, दारावर कत्रान, पाण्यात कत्रान.

शेवटच्या फेरीत झायद याच वाटेवर होता. त्याच्याबरोबरच्या परदेशी पाहुण्यांना काही झालं नाही. त्यांच्या बाटल्या त्यांच्याजवळ, आणि माझं लोणी त्यांना वासानंच नको झालं होतं. लोणी खाल्लं एकट्या झायदनं. त्याच्या खिशात गोळ्यांची रिकामी पट्टी सापडली. म्हणजे पाण्याची काळजी घेत होता माणूस. मग उरलं काय? सासूबाई म्हणाल्या, "उरली ती बरणी." त्यानंतर त्या घरात माझ्या हातचं कोणी खाल्लं नाही.

मीही रात्रंदिवस तेच धरून बसले आहे. मीठ कमी पडलं होतं का? बरणी नीट धुतली होती ना? धुतली होती. धुतली होती!

२१ मार्च

सी तुहामी आजारी.

पहाटे पोट धरून बसले. मग उलटी. मग थांबेचना. सकाळी चालायला उठले आणि पाय दुमडून खाली. बतूलचा चेहरा राखेसारखा.

बासू सरळ पिठाच्या पोत्याजवळ गेला, बरणी काढली आणि दगडांवर पालथी केली. माझ्या डोळ्यांसमोर! वरून पायानं माती लोटली.

"आता तरी पटलं?" म्हणाला.

बतूल मध्ये आली. "अहो दादा, लोणी मीही खाल्लंय. मावशींनीही खाल्लंय!"

"तुम्ही तरुण आहात. ही डोंगरातलीच आहे. म्हातारं माणूस टिकत नाही."

उत्तर तयारच असतं त्याच्याकडे.

फोन इथे लागत नाही. पुढे खिंड, मागे डबकं. त्यांना खेचरावर बसवलं तर तोल जातो. म्हणून खडकाच्या सावलीत तंबू लावला. साखर-मीठ घालून पाणी पाजते आहे, मशकीतलंच, कारण त्यांना तेच हवं. "आईच्या घरचं द्या," म्हणतात. बतूलची बाटली तोंडाला लावली की मान फिरवतात.

त्यांच्या डोळ्यांखाली तेच खड्डे पडायला लागले आहेत जे मी झायदच्या पाहिले.

२१ मार्च, संध्याकाळ

बरे व्हायला हवे होते. लोणी गेलं, दिवसभर पोटात दुसरं काही नाही — साखर, मीठ, पाणी. तरी वाढतंच आहे! प्रत्येक वाडग्यानंतर पुन्हा.

आणि बासू. बासू दुपारपासून सारखा खडकामागे जातो आहे. मला वाटलं खेचराला बघतो. खेचर या बाजूला बांधलेलं आहे.

परत आला तेव्हा ओठ पांढरे, हात पोटावर. मी विचारलं, "काय झालं?"

"काही नाही. वारा लागला."

मी म्हटलं, "भाऊजी, तुम्ही तर लोणी खाल्लं नाहीत."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग बरणीच्या जागी जी माती होती तिकडे पाहिलं.

मशकीतलं पाणी बंद केलं. काड्याकुड्या, खेचराच्या पाठीवरची चटई, तंबूची जादा काठी, मिळेल ते जाळून बाटल्यांतलं पाणी उकळते आहे. सी तुहामींना म्हटलं, "काका, आईच्या घरचं संपलं. आता माझ्या घरचं प्यायचं." कुरकुरले, पण प्यायले.

२२ मार्च

सकाळी बतूलकडून गोळ्यांच्या डबीतला कागद मागितला. ती म्हणाली, "बारीक अक्षरं आहेत मावशी, वाचून दाखवू?" मी म्हटलं, मला येतं. साखरेच्या ढेपेवरच्या निळ्या कागदावर अक्षरं शिकले मी, झायद वाटेवर असायचा तेव्हा. बारीकच होती तीही.

कागदावर लिहिलंय — पाणी आधी गाळावं, कारण घाण औषध खाऊन टाकते. अर्ध्या तासानं पाण्याला औषधाचा हलका वास यायला हवा. वास नसेल तर आणखी गोळी टाकून पुन्हा थांबावं.

वास! तो कोणी घेतलाच नव्हता. कत्रानच्या घमघमाटात कोण घेणार?

डबक्याचं पाणी रुमालातून गाळलं. एक बाटली भरली, गोळी टाकली. मशक अर्धी भरली, मापानं गोळ्या टाकल्या. दोन्ही सावलीत ठेवून बसले. बासू लांब दगडावर बसून बघत होता.

बाटली उघडली — कपडे पांढरे करायच्या औषधाचा वास, हलका पण ओळखू येणारा. मशक उघडून वाडग्यात ओतलं — कत्रान, आणि त्याखाली दवाखान्यासारखा काहीतरी कडवट वास. औषधाचा मागमूस नाही. आणखी गोळ्या टाकल्या, थांबले. त्याही गेल्या. नवं कत्रान, कातडं — सगळं त्या गोळ्या गिळून बसलं. गोळी बिचारी किड्यांपर्यंत पोहोचतच नाही. आणि आम्ही अर्धा तास थांबून, निश्चिंत होऊन, पाहुण्याला पहिला वाडगा देतो!

वाडगा बासूच्या हातात दिला, बाटलीही दिली. "हुंगा."

त्यानं एक हुंगलं, दुसरं हुंगलं. पुन्हा पहिलं. मग वाडगा खाली ठेवला, अगदी हळू, सांडू नये तसा.

लिहायचं ते इथे लिहिते.

लोणी खाल्लं एकट्या झायदनं. पण मशकीतलं पाणीही एकटाच प्यायला. नवी कोरी मशक, ताजं कत्रान. पट्टी रिकामी होईपर्यंत गोळ्या टाकत राहिला माझा माणूस. पोट बिघडलं तशा आणखी टाकल्या असतील, आणखी प्यायला असेल. मी इथे खडकाला टेकून बसले आहे आणि मला रडूही येत नाही. दोन वर्षं मी ती बरणी मनात धूत होते.

झायदचं हे बासूला सांगणार नाही. भावावर जीव होता त्याचा. दर वर्षी त्या मशकीला कत्रान लावतो ते झायदचं थडगं सारवल्यासारखं. मी एवढं ओझं वाहिलंय, त्याचं वजन मला माहीत आहे. दुसऱ्याच्या पाठीवर टाकवत नाही.

पण मग मी काय, जन्मभर तशीच? सासूबाईंच्या दारात तशीच? राग येतो. येऊ दे.

२३ मार्च

सी तुहामींना रात्री झोप लागली. सकाळी म्हणाले, "भूक लागली." बतूल रडली, आणि मग बापावरच ओरडली!

खेचरावर दोरीनं बांधल्यासारखे बसवले. खिंड ओलांडली. बासूनं पूर्ण वाट लगाम सोडला नाही, स्वतः वाकलेला होता तरी. मशक रिकामी, खेचराच्या बाजूला लटकत होती. खिंडीत त्यानं ती सोडून खांद्यावर घेतली. का ते विचारलं नाही.

२४ मार्च

खालच्या गावातला दवाखाना. सुई, सलाइन. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उकळलेलं पाजलंत म्हणून पोहोचले." बासू दारात होता. ऐकलं असेल.

आम्ही निघताना सी तुहामी माझा हात धरून म्हणाले, "मुली, ते लोणी मात्र हुकलं. पुढच्या वेळी दोन बरण्या आण."

बासू तेव्हाही दारातच होता.

२९ मार्च

घरी. बासू आलेला नाही. जाऊबाई म्हणते, जेवत नाही, मशक समोर घेऊन बसतो.

मी नवीन लोणी मुरत घातलं. मीठ जरा जास्तच.

३ एप्रिल

बासू आला. हातात नवा निळा प्लास्टिकचा कॅन. झायदच्या खुंटीला अडकवला आणि चुलीपाशी बसला. म्हणाला, "वहिनी, भाकरी दे." मी सवयीनं कोरडी दिली. त्यानं फळीवरची बरणी स्वतः उतरवली, भाकरीचा तुकडा आत खोल बुडवला आणि खाल्ला. बराच वेळ चावत राहिला.

"आईला सांगून आलोय," म्हणाला. "मशक मी दिली होती, हे."