मोरपिशी आणि रामा यांतला फरक

तीर्थस्वरूप मावशीस,

ढगोजीचा शिरसाष्टांग नमस्कार. (कागदावरचाच. खरा साष्टांग घालायला सध्या कंबर राजी नाही, त्याचं कारण पुढे येईल.) तुझे गुडघे कसे आहेत? डोळ्यांत थेंब वेळेवर घालतेस ना, की बाटली फ्रीजमध्ये ठेवून दिवसातून दोनदा नुसती तिची चौकशी करतेस? ताईकडे तुझं बस्तान आता नीट बसलं असेल आणि जावईबापूंच्या सगळ्या शर्टांची बटणं एव्हाना पक्की झाली असतील. मी इकडे खुशाल आहे. म्हणजे होतो. मग तू दिलेल्या लोकरीपायी एक घोटाळा झाला आणि आता एका बाईंची खोली जायची वेळ आली आहे. रागावू नकोस, लोकरीचा दोष नाही. सगळं पहिल्यापासून सांगतो.

या वाचनालयात मी नोकरीला लागलो त्याला आता तीन महिने होतील. इमारत चार मजली, खिडक्या उंच, आणि दुपारी जिन्यात असा काही संथ उजेड उतरतो की मी दुसऱ्या मजल्यावर जायला निघतो आणि पंधरा मिनिटांनी पहिल्याच वळणावर उभा सापडतो. (तू म्हणशील, याला उजेडाचं निमित्त कशाला लागतं!) तर आमच्या संचालकसाहेबांनी एक मशीन मागवलं. त्याचं काम एकच, लक्ष ठेवणं. प्रत्येक खोलीतल्या कॉम्प्युटरची जी तार येते, तिच्यावरून किती ये-जा होते हे ते मुकाट्याने बघतं आणि पडद्यावर रेघ काढतं. वर्दळ वाढली की रेघ वर, माणसं पांगली की खाली. स्वतः कुणाशी बोलत नाही, कुणाच्या मध्ये पडत नाही, नुसतं बघत बसतं. आपल्या स्वभावाचं कुणीतरी एकदाचं कामावर लागलं, असं मला वाटलं. साहेबांचा हेतू मात्र इतका हळवा नव्हता. त्यांना जागा हवी होती. ज्या खोलीची रेघ सगळ्यांत निपचित, ती खोली पुढच्या महिन्यापासून बंद, असं त्यांनी जाहीरच करून टाकलं. ती कुठली असणार हे सगळ्यांना माहीत होतं. तिसऱ्या मजल्यावरची नकाशांची खोली. तिथे सव्वीस वर्षं एकच बाई आहेत, त्यांना सगळे नकाशेबाई म्हणतात. खोली गेली की त्यांनी तळमजल्यावर पिशव्या आणि छत्र्या जमा करायच्या खिडकीत बसायचं ठरलं होतं. जिने सव्वीस वर्षं नद्या आणि रस्ते सांभाळले तिने लोकांच्या छत्र्या सांभाळायच्या, हे माझ्या मनाला काही पटेना. पण मला विचारतो कोण?

आता कंबरेचं. ही मशीनं ज्यात बसवतात त्याला रॅक म्हणतात. दारं नसलेलं उंच लोखंडी कपाट समज, दोन्ही अंगांना वरपासून खालपर्यंत भोकंच भोकं. दोन बाजूंना दोन पट्ट्या ठोकायच्या, मशीन ड्रॉवरसारखं आत सरकवायचं आणि पुढून चार स्क्रू आवळायचे. भोकं मोजताना एका बाजूला मी सतरा मोजली आणि दुसऱ्या बाजूला अठरा. (मधे पंख्यांच्या आवाजाकडे लक्ष गेलं. त्या खोलीत चोवीस पंखे एका सुरात घुमतात, अगदी तुझं शिवणाचं मशीन शेजारच्या खोलीत चालू असताना मी दुपारी झोपायचो तसं वाटतं.) त्यामुळे मशीन मान तिरकी करून बसलं. परत काढलं, पट्टी एक भोक खाली घेतली, मशीन पुन्हा छातीशी धरून वर उचललं, आणि तेव्हा लक्षात आलं की स्क्रू मी मशीनच्याच डोक्यावर ठेवले आहेत. खाली ठेवावं तर स्क्रू गडगडणार, वर धरावं तर ते घ्यायला तिसरा हात नाही. असा मी त्या लोखंडी कपाटाला मिठी मारून पंचवीस मिनिटं उभा होतो. शेवटी नकाशेबाईच आल्या. त्यांच्या खोलीतलं नेट बंद का पडलं हे विचारायला आल्या होत्या. त्यांनी काही न विचारता एका हाताने मशीन धरलं, दुसऱ्याने एकेक स्क्रू उचलून मला दिला, चौथा स्वतःच आवळला आणि म्हणाल्या, “हेच का ते मला खाली पाठवणारं मशीन? चांगलं दिसतंय हो.” कंबर त्या दिवसापासून दुखते आहे.

मग तारा. इथे छापील चिठ्ठ्या डकवतात, पण गरमीने त्या दोन दिवसांत गळून पडतात. मी आपली तुझी रीत वापरली. शिवणाच्या क्लासात तू प्रत्येकीच्या कापडाला वेगळ्या रंगाचा दोरा बांधायचीस, आणि तीस वर्षांत एकीचा ब्लाउज दुसरीकडे गेला नाही. तू क्लास आवरताना दिलेले लोकरीचे गुंडे होतेच. जिन्यातल्या उजेडात बसून मी प्रत्येक तारेला तिच्या खोलीचा रंग बांधला, कागदावर यादी केली. मोठ्या वाचनखोलीला रामा, नकाशांच्या खोलीला मोरपिशी, दोन्ही निळ्या-हिरव्यातले. मग त्या सगळ्या तारा घेऊन रॅकच्या खोलीत गेलो, तिथल्या पिवळ्या बल्बाखाली यादीप्रमाणे मशीनमध्ये खोचल्या, आणि स्वतःवरच खूश झालो. (लहानपणी तू मला रामा रंगाची रीळ आण म्हणून पाठवायचीस आणि मी मोरपिशी घेऊन यायचो. तेव्हाच नीट फटकावायला हवं होतंस.)

त्यानंतरचा आठवडा, मावशी, मी फार सुखात काढला. काम म्हणजे पडद्यासमोर बसायचं. अकरा रेघा, अकरा रंग, हळूहळू वर जायच्या, हळूहळू खाली यायच्या. सकाळी दार उघडलं की सगळ्या एकदम अंग मोडून जाग्या व्हायच्या. जेवणाच्या वेळी पेंगायच्या. मी एकदा बसलो की डबा खायचं विसरायचो. आणि सगळ्यांत देखणी रेघ नकाशांच्या खोलीची! सारखी उसळायची, मधेच थरथरायची, चार वाजता तर अशी चढायची की मी खुर्चीतून उठायचो. मला वाटायचं, बघा, जगाला न कळता तिसऱ्या मजल्यावर केवढं काय चाललंय. शनिवारी अहवाल साहेबांकडे गेला. साहेब चकित झाले, पण साहेब शब्दाचे पक्के. नकाशांच्या खोलीला अभय, वर दोन नवे कॉम्प्युटर आणि बाईंना हातांची खुर्ची. आणि मोठ्या वाचनखोलीची रेघ निपचित, पण ती अख्खी बंद करता येईना, सबब तिथले बारापैकी आठ कॉम्प्युटर काढून टाकायचे. नव्या खुर्चीत नकाशेबाई अशा बसल्या होत्या की आत्ता कुणीतरी येऊन उठवेल. मी दिवसातून दोन-तीनदा खुर्ची ठीक आहे ना हे बघायला जाऊ लागलो.

बुधवारी बाई दाढ काढायला सुट्टीवर गेल्या. खोलीला कुलूप. आणि चार वाजता कुलपाआडची ती रेघ नेहमीसारखी डौलात वर चढली! चार म्हणजे शाळा सुटायची वेळ, आणि पोरं जमतात ती मोठ्या वाचनखोलीत. तसाच धावत गेलो, दोन्ही तारा सोडवल्या, खिडकीपाशी उजेडात धरल्या. मोरपिशीच्या जागी रामा होता आणि रामाच्या जागी मोरपिशी.

एक रात्र मी गप्प बसलो, खोटं कशाला सांगू? मी गप्प राहिलो तर बाईंची खोली राहत होती. पण आठ कॉम्प्युटर जात होते. दुसऱ्या दिवशी आधी बाईंना सांगितलं. त्यांचा गाल सुजलेला, तशाच हसल्या. “तरीच!” म्हणाल्या. “मला वाटलं, माझा डोळा लागतो तेवढ्यात माणसं येऊन जातात की काय.” मग चष्मा पुसत बसल्या. “पोरांचं घेऊन मी काय करू? जा, सांगून या.” साहेबांना रामा म्हणजे काय हे समजावण्यातच दहा मिनिटं गेली. शेवटी टायपिस्टबाईंना बोलावलं. त्यांनी दारातूनच सांगितलं की दोन्ही धडधडीत वेगळे आहेत. साहेबांच्या खोलीतले आम्ही चार पुरुष ते धागे खिडकीशी धरून मान हलवत राहिलो. साहेबांनी मला नोकरीवर ठेवलं, आणि एक आठवडा आणखी दिला. तारा नीट लावून नवा अहवाल येत्या शनिवारी. त्यात रेघ जे म्हणेल ते शेवटचं.

आता तारा बरोबर आहेत. नकाशांच्या खोलीची खरी रेघ मी बघतो. पडद्याच्या तळाशी आडवी पडलेली असते. दिवसातून पाच-सहा वेळा किंचित उचलते. बाई स्वतः काहीतरी शोधत असतात तेव्हा. मला ती आधीच्या रेघेपेक्षा जास्त आवडते, पण साहेबांच्या हिशेबात आवडीला रकाना नाही. असो. ताईला आणि जावईबापूंना नमस्कार. तू स्वतःला जप.

तुझा (दहांतून चारदा) आज्ञाधारक,
ढगोजी

ता. क. तू विचारशीलच की यात मी काय करू. तर हे कर. ते नकाशे घरबसल्याही बघता येतात, आणि कुणी बाहेरून बघितले तरी रेघ याच तारेवर उठते. तुझ्या क्लासच्या जुन्या बायकांचा फोनवर जो गट आहे, त्यात चाळीसजणी तरी असतील. सोमवार ते शुक्रवार, अकरा ते पाच, सगळ्यांना नकाशे उघडायला सांग. आळीपाळीने उघडा, एकदम नको, मशीन घाबरेल. आपण राहायचो तो भाग एक्केचाळीस नंबरच्या नकाशात आहे.

आणखी ता. क. नंबर बरोबर आहे ना हे विचारायला हे शेवटचं पान बाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, वरचं खोडा, ओढूनताणून आणलेली माणसं मला नकोत. खोडायला पेन घेतलं आणि खिडकीबाहेर बघताना राहून गेलं. पण तेवढ्यात त्या एक वेगळंच बोलल्या. एक्केचाळीसमध्ये वळणावर एक चौकोन आहे, त्यावर नाव नाही. आजूबाजूला पिठाची गिरणी, पोस्ट, दवाखाना, सगळ्यांची नावं आहेत. सव्वीस वर्षं त्या प्रत्येक येणाऱ्याला विचारतात, तिथे कोण राहायचं? कुणालाच सांगता येत नाही. येत्या आठवड्यात तिथे राहिलेलं कुणी आलं तर बरं होईल, म्हणाल्या, नंतर मी त्या खोलीत नसेन.

शेवटचा ता. क. (हे त्यांना न दाखवता, पाकीट चिकटवता चिकटवता.) मावशी, गिरणी आणि पोस्टाच्या मधला तो चौकोन म्हणजे आपलं घर आहे. मी बघताक्षणी ओळखलं, आणि तोंडून शब्द काढला नाही. मी सांगितलं असतं तर तू कशाला आली असतीस? शुक्रवारच्या आत ये. गुडघ्यांचं कारण सांगू नकोस, तिसऱ्या मजल्यापर्यंत मी तुला धरून नेईन. त्या चौकोनात कोण राहायचं ते बाईंना तूच सांग. आणि जमलं तर तिथे वाढलेल्या मुलाचं नावही सांग. तीन महिने होत आले, त्या मला अजून ‘अहो वायरवाले’ अशीच हाक मारतात.