रिंगा ताठ धरल्या त्याबद्दल

मी, खाली सही करणारा, वय त्रेपन्न, कॉम्प्रेसरच्या सीलमधून वायू कसा वाहतो याचं गणित मांडणारा, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दबावाखाली नसताना हे लिहून ठेवत आहे. दाब हा माझा रोजचा विषय, तेव्हा शब्द मोजून वापरला आहे. पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाची गळकी झडप बदलणार आहेत. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. राहतं घर आणि बँकेत असेल ते पत्नीला. स्वयंपाकघरातल्या नळाचा वायसर मी स्वतः बसवला आहे. प्लंबरला हात लावू देऊ नये.

२. लेथ आणि मायक्रोमीटर मेहुण्याला. मायक्रोमीटर पान्यासारखा आवळू नये. एकदा आवळला होता, मी विसरलेलो नाही.

३. मोठे साहेब मला भर मीटिंगमध्ये ‘बिनडिग्रीचे शास्त्रज्ञ’ म्हणाले होते. शोकसभेत ते दोन शब्द बोलायला उठले तर त्यांना प्रेमाने खाली बसवावं.

४. संगणकावरचं सीलचं मॉडेल माझ्या मुलीला, म्हणजे बारकीला. इथे खुलासा करणं भाग आहे.

सीलमध्ये दोन रिंगा समोरासमोर असतात. एक शाफ्टबरोबर गरगर फिरते, दुसरी जागेवर. मधल्या फटीत केसाहून कितीतरी पातळ असा वायूचा थर. फट जराशी वाढली की गळती अनेक पटींनी वाढते. हे मी कॉलेजात न जाता शिकलो आणि तसं सांगायची एकही संधी सोडलेली नाही. मॉडेलमध्ये मी दोन्ही रिंगा ताठ धरल्या होत्या, म्हणजे त्या वाकतच नाहीत असं मानलं होतं. चाचणीत गळती जास्त दिसली, तेव्हा मी मीटर बदलायला लावला. दोनदा.

बारकी आमच्याच कंपनीत आहे. ती म्हणाली, “बाबा, मीटर ठीक आहे. एवढ्या दाबाखाली रिंगा वाकतात. फट सरळ न राहता निमुळती होते.”

मी सर्वांदेखत म्हणालो, “चार बुकं शिकलीस म्हणून बापाला शिकवू नकोस. माझ्या रिंगा वाकत नाहीत.”

फिटर हसला. बारकी नाही हसली.

मग मी गुपचूप रिंगा वाकवून गणित पुन्हा मांडलं. आकडे मीटरशी जुळले. गेल्या मंगळवारी सगळ्या ऑफिससमोर ते दाखवताना माझ्या तोंडून निघालं, “माझ्या असं लक्षात आलं...” बारकी दुसऱ्या रांगेत होती. टाळ्या पहिल्यांदा तिनेच वाजवल्या. येताना गाडीत म्हणाली, “काच खाली करू का, बाबा?” बस, एवढंच. तेव्हापासून मी तिच्या शेजारी जेवायला बसत नाही. सबब सांगतो पथ्याची.

म्हणून मॉडेल तिचं आणि त्यावर नावही तिचंच. हे कलम माझ्या पश्चात तिला वाचून दाखवावं.

साक्षीदार पहिले: आमचे डॉक्टर. सही केली.

साक्षीदार दुसरा: मेहुणा. सही केली नाही. म्हणाला, “भाऊजी, पोरगी पलीकडच्या खोलीत आहे आणि तुम्ही हे मेल्यावर सांगणार? आधी सांगून या.”

पुरवणी: कलम चारमधलं शेवटचं वाक्य रद्द. मी पलीकडे जाऊन उभ्याउभ्याच सांगितलं. बारकी माझी दवाखान्याची बॅग भरत होती. एकच टॉवेल तिने तीनदा घडी केला.

“मला काय सांगताय? मला ठाऊकच आहे,” ती म्हणाली. “उद्या ऑफिसात सांगाल?”

“सांगेन.”

“आणि रिंगा उष्णतेनेही वाकतात. ते तुम्ही अजून धरलेलंच नाही.”

मी “बरोबर” म्हणालो. घसा साफ करून पुन्हा म्हणालो, कारण पहिल्यांदा ऐकू गेलं नसावं.

माझी सही: केली.

मेहुण्याची सही: उद्या मी ऑफिसातून परत आल्यावर करतो म्हणतो.

ठिकाण: जेवणाचं टेबल, बारकीशेजारची खुर्ची.

तारीख: मेहुण्याने सही केली की त्यानेच घालावी.