झरोक्याला पुन्हा जाळी लावू नये

मी, भिकमचंद हस्तीमल छाजेड, वय ७१, पूर्वीचा धंदा कापडविक्री, राहणार देवपूर, धुळे, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. पत्नी गुलाबबाई यांचे याबाबत मत वेगळे आहे, ते जोडलेले नाही.

१. देवपूरचे राहते घर माझ्यामागे गुलाबबाईंचे व त्यांच्यामागे मुलगा अर्पित याचे. अर्पित हॉलंडमध्ये नोकरीला आहे. तो हे घर विकणार हे मला ठाऊक आहे, त्याचा राग नाही. मात्र आमची मांजर मनी जिवंत असेपर्यंत घर विकू नये आणि माळ्याच्या झरोक्याला पुन्हा जाळी लावू नये. ही म्हाताऱ्याची लहर आहे असे सूनबाई विधीला वाटेल, म्हणून कारणही लिहितो.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघे अर्पितकडे गेलो. मनीचे पोट उतरलेले गुलाबबाईंनी पाहिले होते. आधी पिल्ले कुठे आहेत ते शोधा, असे त्या म्हणाल्या. असतील शेजारीपाजारी, गाडी चुकेल, असे मी म्हणालो. आणि निघता निघता बाहेरून शिडी लावून झरोक्याला जाळी ठोकली. बंद घरात एखादे कबूतर शिरून तडफडून मरू नये, हा विचार. आम्ही जैन, पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून जपून चालणारी माणसे. जीवदया केल्याच्या समाधानात मी शेवटचा खिळा मारला. पिल्ले आत माळ्यावरच होती, जुन्या गाद्यांच्या मागे. मनी बाहेर राहिली.

अर्पितने आम्हाला ॲमस्टरडॅम दाखवले. तिथे कालव्यात एक नाव आहे, खास बेवारस मांजरांसाठी. त्यांना गाद्या, औषधे, वेळेवर खाणे, सगळे काही. मी स्वेटर घालून फोटो काढत होतो आणि दया कशी करावी ती या लोकांकडून शिकावी, असे अर्पितला ऐकवत होतो. तेवढ्यात शेजारच्या शेवंताबाईंचा फोन आला.

“भाऊ, मनी दारपाईन हालत नही. घरमा काहीतरी शे. कुलूप तोडू का?”

कुलूप म्हटल्यावर मला तिजोरी आठवली.

“तोडू नका,” मी म्हणालो. “दूध द्या, गप बसेल.”

फोन ठेवून मी आणखी फोटो काढले. धुळ्यात तेव्हा अंग भाजणारे ऊन होते. आम्ही परत आलो तेव्हा गाद्यांमागे तीन पिल्ले सापडली. याहून जास्त मला लिहवत नाही. अंगणात खड्डा गुलाबबाईंनी खणला. मला कुदळीला हात लावू दिला नाही.

२. बँकेतील ठेवी गुलाबबाईंना. त्यातील एका ठेवीचे व्याज मनीच्या खाण्यासाठी शेवंताबाईंना मिळत राहावे. त्या मनीला काय खाऊ घालतात, हे आमच्यापैकी कोणी विचारू नये. मीही कधी विचारले नाही, वास मात्र येतो.

३. दुकानातील मोठी कात्री नातू मनन याला. झरोक्याची जाळी मी हिनेच कापली. तिची धार गेली आहे, ती पुन्हा लावून घेऊ नये.

४. मित्र दीपक याची छत्री माझ्याकडे आहे. पिल्लांचे कळल्यावर तो म्हणाला की मोठी होऊन उंदीरच मारणार होती, पाप कमी झाले. छत्री परत करू नये.

५. संवत्सरीला आम्ही लहानथोर सर्वांना ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतो, म्हणजे कळत-नकळत दुखावले असेल त्याची क्षमा मागतो. यंदा मी सकाळपासून फोनला चिकटलो होतो. पारोळ्याच्या जुन्या गिऱ्हाइकांनासुद्धा सोडले नाही. मनी माझ्या मांडीवर होती. गुलाबबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “जिची मागायची ती तर मांडीवर बसली आहे.” मी पुढचा नंबर लावला. मला तिची लाज वाटली. परत आल्यापासून ती रोज माझ्याच मांडीवर झोपते. एकदा बोचकारले असते तर बरे झाले असते.

जे तोंडाने जमले नाही ते येथे लिहितो. माझ्यामागे शेवंताबाईंनी दारात बसून मनीला हे अहिराणीत सांगावे, तिला तीच बोली समजते. क्षमा मागताना ‘नकळत’ हा शब्द मात्र वगळावा. मला फोन आला होता.

हे सर्व मी वाचून पाहिले आहे, काही बदलायचे नाही. साक्षीला मला शेवंताबाईच हव्या होत्या. पण ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याची साक्ष चालत नाही, असे वकील म्हणाले. म्हणून खाली दोघांच्या सह्या आहेत. त्यांनी फक्त मला सही करताना पाहिले आहे.

सही: भिकमचंद हस्तीमल छाजेड

साक्षीदार:
१. ज्ञानेश्वर रामदास पाटील, देवपूर
२. पितांबर सुकलाल माळी, देवपूर

ठिकाण: धुळे
दिनांक: ११ सप्टेंबर २०२५